आपली बोली आणि सरकारी कचेरी
(वार्षिक संमेलनातील भाषण)



कॅनडा देशात २०१९ साली एक कायदा झाला. तेथील मूळ रहिवाशांच्या भाषा जगाव्यात म्हणून त्याअन्वये स्वतंत्र आयुक्तांची कचेरी निर्माण झाली आणि २०२१ साली पहिले आयुक्त नेमले गेले. ह्याच देशात पूर्वी मूळ रहिवाशांची मुले वसतिशाळांत नेऊन ठेवीत व स्वभाषा बोलल्याबद्दल त्यांना शिक्षा करीत. ज्या सरकारने जीभ बांधली, त्यालाच ती सोडविण्याचे कर्तव्य पत्करावे लागले.

आपल्या आगरी बोलीवर कोणी बंदी घातली नाही. तरीही ती ओसरत आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्यात आल्या. शेते गेली, त्यांबरोबर राब आणि आवण हे शब्द गेले. खारबंदिस्तीबरोबर उघाडी गेली. खाजणावर भराव पडला आणि निवटी म्हणजे काय, हे नातवंडांस सांगावे लागू लागले. जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी १९८४ च्या लढ्यात आपल्या बांधवांनी प्राण वेचले. शब्दांचा मोबदला मात्र कोणी मागितला नाही.

सरकारी साहाय्य अगदीच नाही, असे नव्हे. १९९२ साली स्थापन झालेली राज्य मराठी विकास संस्था व पुण्याचे डेक्कन कॉलेज ह्यांनी मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेऊन गावोगावचे बोलणे ध्वनिमुद्रित केले आहे. हे कार्य स्तुत्य होय. परंतु कचेरी आवाज जपून ठेवील. आपल्या ओटीवर बसून नातवाशी बोलणार नाही.

कोणी म्हणतील, बोलीमुळे मुलांचे शुद्ध मराठी बिघडेल. शिक्षक ह्या नात्याने सांगतो, ही भीती निराधार आहे. घरी 'घोरा' आणि परीक्षेत 'घोडा', हा विवेक मूल सहज शिकते. बोलीची लाज मात्र ते वडीलधाऱ्यांच्या चेहऱ्यावरून शिकते.

म्हणून नम्र सूचना अशी की, आपल्या संस्थेने प्रत्येक गावी एक वही ठेवावी. शेती, मिठागर व मासेमारी ह्यांतील शब्द वृद्धांकडून लिहून घ्यावेत. धवलारणींची गाणी त्या हयात असतानाच ध्वनिमुद्रित करावीत आणि त्यांची एकेक प्रत वरील संस्थांकडे धाडावी. कचेरीचे दार आपण ठोठावू या. पण त्याआधी घरात बोलू या.