मांजर हसत नाही



मी शिक्षक नाही. कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. मुलांना वाचायला कसं शिकवावं हे तुमच्यापैकी अनेकांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. आमच्या वस्तीत दर शनिवारी चालणाऱ्या वाचनाच्या तासाबद्दल बोलावं, असं संयोजकांनी सुचवलं, म्हणून उभा आहे. दोन वर्षांत काय जमलं ते सांगेन आणि दोन चुका सांगेन. चुकाच तुमच्या जास्त उपयोगाच्या आहेत.

सुरुवात माझ्या भाच्यापासून. तो तेव्हा चौथीत होता, मराठी शाळेत. आमच्या घरात दखनी बोलतात, त्यामुळे त्याच्या तोंडी ‘शाळा’ची ‘शाला’ व्हायची, ‘बाळ’चं ‘बाल’ व्हायचं. एकदा धडा वाचताना वर्ग हसला. त्या दिवसापासून त्यानं मोठ्यानं वाचणं सोडलं. घरी पुस्तक हातात दिलं की पोट दुखायचं. एका दुपारी मी आपाकडे गेलो, तर हा पलंगाखाली बसून मांजरीला धडा वाचून दाखवत होता. सगळे ‘ळ’ चुकत होते, पण गडी थांबत नव्हता. विचारलं तर म्हणाला, “मामू, ये हसती नहीं.”

मग मी शोधाशोध केली. अमेरिकेत साल्ट लेक सिटीमध्ये 1999 पासून मुलं प्रशिक्षित कुत्र्यांना पुस्तकं वाचून दाखवतात. 2013 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या एका प्राणी निवाऱ्यानं हेच मांजरींसोबत सुरू केलं. म्हणजे भाच्याला सुचलेली गोष्ट जगात आधीच चालू होती. यात जादू काही नाही. वाचायला अडखळणाऱ्या मुलाचं अर्धं लक्ष समोरच्याच्या चेहऱ्याकडे असतं. समोर मांजर असेल तर ते लक्ष पुस्तकात राहतं.

ही अडचण एकट्या भाच्याची नाही. ‘असर’च्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी मुलं 2018 साली 50.5 टक्के होती, कोरोनानंतर 2022 साली 42.8 टक्के. आमची वस्ती शहरातली आहे, पण शनिवारी समोर बसलेली मुलं पाहिली की हे आकडे ओळखीचे वाटतात.

आम्ही इमारतीच्या पार्किंगमध्ये दोन सतरंज्या टाकल्या. पुस्तकं चाळीस. काही विकत घेतली, काही ‘स्टोरीवीव्हर’वरून छापली. तिथं मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी गोष्टी फुकट मिळतात आणि छापायला परवानगी आहे. भाषेची सक्ती ठेवली नाही. मूल ज्या भाषेत वाचेल ती त्या दिवसाची भाषा.

पहिला प्रश्न आला तो कुत्र्याचा. “कुत्रा आणणार असाल तर आमची मुलं येणार नाहीत,” असं दोन-तीन घरांनी सांगितलं. मी वाद घातला नाही. कुत्र्याची लाळ कपड्याला लागली तर नमाजाचं काय, हा त्या घरांत खरोखरचा प्रश्न असतो. त्याला मागासलेपणा म्हणून आपण कामाला लागलो, तर काम तिथंच संपतं. आम्ही मांजर घेतली. तिला तर मशिदीच्या पायरीवरही कोणी हाकलत नाही. मकतबच्या मौलानांनी मुलांना दोन गोष्टी सांगितल्या. अबू हुरैरा या नावाचा अर्थच मांजरीच्या पिल्लाचा बाप असा आहे, ही एक. दुसरी, तहानलेल्या कुत्र्याला आपल्या मोज्यातून पाणी पाजणाऱ्या माणसाला अल्लाहनं माफ केलं, ही. पुढच्या शनिवारी एका मुलीनं गल्लीतल्या कुत्र्यासाठी फाटकाबाहेर पाण्याचं भांडं ठेवलं. मी तिला काही सांगितलं नव्हतं.

आता पहिली चूक. मी इंजिनियर, मला मोजायची सवय. एक्सेलचा तक्ता केला. एक पुस्तक, एक तारा. पाच ताऱ्यांना चॉकलेट, वीस ताऱ्यांना कंपास. दुसऱ्या महिन्यात आकडे एकदम वर गेले. मी खूश. मग एका मुलीला विचारलं, गोष्टीत शेवटी काय झालं? ती प्रामाणिक होती. म्हणाली, “मामू, पतलीवाली ली थी, पन्ने पलटाए.” आकडा वाढला होता, वाचन नाही.

स्टॅनफर्डचे मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी 1973 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या लहान मुलांना चित्रं काढायला मुळातच आवडत होती, त्यांतल्या काहींना आधीच सांगितलं, चित्र काढा, प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. पुढे, कबूल करून बक्षीस दिलेल्या मुलांचा चित्रांतला रस कमी झालेला दिसला. अचानक बक्षीस मिळालेल्यांचा झाला नाही. म्हणजे बक्षीस वाईट नाही, सौदा वाईट. अमेरिकेत 1984 पासून पिझ्झा हटची योजना आहे, महिन्याचं वाचन पूर्ण केलं की पिझ्झा फुकट. मूल दारापर्यंत यायला असं काही उपयोगी पडतही असेल. पण ते आत का थांबेल, याचं उत्तर पिझ्झ्याकडे नाही.

आम्ही तारे बंद केले. पहिले तीन आठवडे मुलं कमी झाली, हेही सांगितलं पाहिजे. आता बक्षीस वाचनातूनच निघतं. जो वाचतो तो मांजरीला खायला घालतो. पुस्तक पूर्ण केलं की ते आठवडाभर घरी न्यायचं आणि पुढच्या वेळी सगळ्यांसाठी पुस्तक निवडायचं. ईदला मुलांना न सांगता प्रत्येकाला एक पुस्तक.

दुसरी चूक मोठी. पहिल्याच वर्षी बकरी ईदच्या आधी एका घरी बकरा आला. मुलं त्याच्यापुढे बसून वाचू लागली. बकरा छान ऐकायचा, एकदा अर्धं पानही खाल्लं. सगळे हसलो, फोटो काढले. पुढे काय होणार हे आम्हा मोठ्यांना माहीत होतं. मुलांनाही तसं माहीत होतंच, पण त्याबद्दल त्यांच्याशी कोणी बोललं नाही. ईदनंतर एक मुलगा चार शनिवार आला नाही. त्याच्या घरी गेलो. तो एवढंच म्हणाला, “उसकू कहानी पूरी नहीं सुनाया मैं.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कुर्बानीचा अर्थ काय, यावर आपल्या चळवळीतही वेगवेगळी मतं आहेत आणि ती मांडायची ही जागा नाही. माझी चूक वेगळी होती. ज्या जनावराला निरोप द्यायचा आहे, त्याच्याशी मी मुलांचं नातं जोडून दिलं आणि निरोपाच्या वेळी गप्प बसलो. आता नियम आहे: वाचनाला राहणारं जनावरच. मांजर किंवा शेजारची दुभती शेळी. आणि मुलानं प्रश्न विचारला तर खरं सांगायचं.

तो मुलगा परत आला, पण मांजरीकडे जाईना. तेव्हा त्याच्या दादीनं विचारलं, “मेरेकू सुनाता क्या?” त्यांना वाचता येत नाही. त्या ऐकत बसल्या. चूक काढणं त्यांना शक्यच नव्हतं. फक्त म्हणायच्या, “फिर क्या हुआ?” हे मला आधी सुचायला हवं होतं. “आम्ही शिकलेल्या नाही, मुलांना काय मदत करणार,” असं म्हणणाऱ्या आया, दाद्या, नान्या प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांना आम्ही शिक्षणाच्या बाहेर धरलं होतं. आज शनिवारी सात बायका ऐकायला येतात. त्यातल्या दोघी आता मुलांच्या बोटामागे आपलं बोट फिरवतात.

सुरू करणार असाल तर थोडक्यात. जनावर ओळखीचं, शांत आणि रेबीजची लस दिलेलं हवं. ते उठून गेलं तर जाऊ द्यायचं, धरून ठेवायचं नाही. एका वेळी एकच मूल, जवळ एक मोठं माणूस, वाचून झालं की साबणानं हात. दमा किंवा ॲलर्जी आहे का, हे आईवडिलांना आधी विचारायचं. ओरखडा किंवा चावा झालाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे. आणि वाचताना उच्चार सुधारायचे नाहीत. ते नंतर, एकट्यात.

भाचा आता सहावीत आहे. ‘ळ’ अजून कधीकधी निसटतो. गेल्या महिन्यात वर्गात वाचायला कोण उठतं, असं बाईंनी विचारलं, तेव्हा त्यानं हात वर केला. दोघं हसले म्हणे. त्यानं पान पूर्ण केलं.

दर शनिवारी चार वाजता आम्ही असतो. या, ऐकायला बसा. चॉकलेट मात्र आणू नका.