अस्ति, स्तः, सन्ति



मला ‘संगणक क्षेत्रातील संधी’ या विषयावर बोलायला सांगितलं होतं. पण त्यावर आपली मुलंच आपल्याला चार गोष्टी सांगतील. म्हणून मी संयोजकांची परवानगी घेऊन दुसरा विषय निवडला. तो म्हणजे संस्कृत. घाबरू नका, रूपं विचारणार नाही.

आपल्यापैकी निम्म्यांनी दहावीला हिंदी-संस्कृत संयुक्त घेतलं होतं. पन्नास मार्कांचं संस्कृत. देवः देवौ देवाः एका सुरात म्हणायचं, सुभाषितं पाठ करायची, पेपर दिला की विषय संपला. सकाळी सहा पंचावन्नला रेडिओवर ‘इयम् आकाशवाणी’ लागलं की शाळेची तयारी आटपायची, एवढाच तिचा रोजच्या जगण्याशी संबंध. आकाशवाणीवर संस्कृत बातम्या १९७४ पासून आहेत. म्हैसूरहून ‘सुधर्मा’ नावाचं संस्कृत दैनिक १९७० मध्ये सुरू झालं. तरी पाथरीच्या बाजारात किंवा मानवत रोड स्टेशनवर या भाषेत काही बोलता येईल, असं आपल्याला कधी वाटलं नाही.

चार वर्षांपूर्वी आपल्या वर्गातली मागच्या बाकावरची मैत्रीण (ती इथेच बसली आहे, नाव घेतलं तर रागवेल) मला म्हणाली, “रोज रात्री पाच वाक्यं संस्कृतात लिहायची. तू मला पाठव, मी तुला पाठवते. रविवारी बाईंना दाखवू.” नियम दोनच. आज जे घडलं तेच लिहायचं आणि येतील तेवढ्याच शब्दांत लिहायचं.

पहिल्या आठवड्यातली वाक्यं अशी : अहं पञ्चवादने उत्थिता. अद्य जलं न आगतम्. मया भाकरी कृता. भाकरीला संस्कृत शब्द शोधत बसलो नाही, भाकरी ती भाकरीच. बाकी शब्द अडला की आपट्यांचा कोश. वामन शिवराम आपटे हे आपल्याच मराठी मुलखातले. त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश १८९० साली निघाला आणि आजही त्याच्याशिवाय पान हलत नाही. बससाठी ‘लोकयानम्’, फ्रीजसाठी ‘शीतकम्’ हे शब्द अलीकडच्या संस्कृत बोलणाऱ्यांनी रुळवले आहेत, ते आम्ही घेतले.

मी प्रोग्रामर आहे म्हटल्यावर लोक हमखास विचारतात, “संस्कृत ही संगणकासाठी सर्वोत्तम भाषा आहे ना? नासाने सांगितलंय.” त्याचा उगम रिक ब्रिग्ज यांच्या १९८५ सालच्या एका लेखात आहे. ज्ञानाची मांडणी यंत्राला समजेल अशी कशी करावी, याचा विचार करताना त्यांनी संस्कृत वैयाकरणांची पद्धत तपासली होती. संगणक संस्कृतवर चालतो, असं त्यात काही नाही. खरी थोरवी पाणिनीची आहे. सुमारे चार हजार सूत्रांत एका भाषेचे नियम बसवणं काय असतं, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळतं. पण मी रोज लिहिते त्याचं कारण तेही नाही.

मराठीत द्विवचन नाही. शाळेत आपण त्याला कंटाळायचो. एक झालं, अनेक झालं, मध्ये हे ‘दोघांचं’ वेगळं प्रकरण कशाला? दर रविवारी पाथरीला फोन झाला की माझ्या वहीत एक वाक्य ठरलेलं असे : पितरौ कुशलिनौ स्तः. आई आणि बाबा दोघंही एकाच शब्दात, ‘पितरौ’. दोघंही खुशाल आहेत.

दोन वर्षांपूर्वी बाबा गेले. दिवस झाल्यावर मी पुण्याला परतले. मराठीत काही लिहवेना. दुःखद निधन, कधीही न भरून निघणारी पोकळी, सगळे शब्द आधीच कुणीतरी वापरून ठेवलेले. रविवारी रात्री वही उघडली आणि लिहिलं : माता कुशलिनी अस्ति.

तीन शब्द. ‘स्तः’च्या जागी ‘अस्ति’ आलं होतं. काय घडलं ते त्या क्रियापदात पूर्ण आलं होतं. मला आणखी काही लिहावं लागलं नाही. बाई एरवी विसर्ग राहिला तरी लाल खूण करतात. त्या वाक्याखाली त्यांनी काहीच लिहिलं नाही. रात्री पाथरीला फोन करून त्या बराच वेळ आईशी बोलल्या.

नंतर वाचनात क्षमाबाई राव आल्या. १८९० साली जन्मलेल्या, वडील शंकर पांडुरंग पंडित मोठे विद्वान, पण ते हिच्या लहानपणीच वारले. क्षमाबाईंनी पुढे वडिलांचं चरित्र लिहिलं ते संस्कृतात, ‘शंकरजीवनाख्यानम्’. त्यांची मुलगी लीला १९३४ मध्ये विंबल्डनला सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली, तीही आईच्या कथांची संस्कृत नाटकं करायची. म्हणजे संस्कृत घरात, आपल्या माणसांसाठी वापरणाऱ्या बायका आपल्याकडे होत्या. आम्ही काही नवीन करत नाही.

आता आई माझ्याकडे असते. ती आली त्या संध्याकाळचं वाक्य : आवां चायं पीतवत्यौ. आम्ही दोघी चहा प्यायलो. कितीतरी महिन्यांनी वहीत द्विवचन आलं. आईला वाचून दाखवलं, तर म्हणाली, “साखर कमी होती तेही लिही.” तेही लिहिलं.

बाई, तुम्ही आम्हाला पन्नास मार्कांसाठी शिकवलंत, असं आम्ही समजत होतो. ते शिकवणं आत्ता कुठे उपयोगी पडू लागलं आहे. आणि मित्रमैत्रिणींनो, संस्कृतच हवं असं नाही. मोडी शिका, उर्दू शिका, आपल्या भागात ती ऐकत तर आपण वाढलो. पण रोज पाच वाक्यं लिहा आणि ती वाचणारं एक माणूस या वर्गातलं निवडा. आज सगळे इथे आहेत, जेवणाच्या पंगतीतच ठरवून टाका.