हिवतापाचा हिशेब



"सगळे डास थोडेच मरणार? मग डबकी कशाला बुजवायची?" असं आपल्या जवळा बाजारात कुणी म्हणालं, तर त्याला हा हिशेब सांगा.

१८९७ साली सिकंदराबादला डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. तेव्हा आपला भागही निजामाच्याच राज्यात होता. पुढे रॉस यांनी हिवतापाचं गणित मांडलं.

एका रोग्यापासून दोघांना ताप आला, तर दोनाचे चार, चाराचे आठ होतात. डास कमी झाले आणि दोन रोग्यांमागे एकालाच ताप आला, तर आठाचे चार, चाराचे दोन होतात. ताप हटतो. सगळे डास मारावे लागत नाहीत. पुरेसे कमी करावे लागतात.

अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून डबकी बुजवा. आठवड्यातून एकदा रांजण, हौद कोरडे करा. पण एका घराने भागणार नाही. सारा गाव हवा!