वहिवाटीची वाट



मी कोकणातला माणूस. विजयदुर्गाच्या खाडीकाठी माझं गाव. किल्ला लहानपणापासून डोळ्यांसमोर, त्यामुळे किल्ला बघायला कुणी विमानात बसून जातं, ही कल्पनाच मला गमतीची वाटायची. पण ते माझ्याच वाट्याला आलं. मुलगी लग्न होऊन इंग्लंडात गेली, बर्मिंगहॅमजवळ राहते. २०१९ च्या मे महिन्यात आम्ही नवरा-बायको तिच्याकडे गेलो. लंडन पाहून झालं. मग एका शनिवारी जावई म्हणाले, "अब्बा, मोठी शहरं पुरे झाली. आज बाजाराच्या गावाला जाऊ."

ते गाव म्हणजे लडलो. श्रॉपशर परगण्यात, वेल्सच्या सरहद्दीजवळ. वस्ती जेमतेम दहा हजार. टेकडीवर किल्ला, किल्ल्यासमोर चौक आणि चौकात बाजार. भाजी, चीज, पाव, रोपं, जुनी पुस्तकं, सगळं छपराखालच्या फळकुटांवर मांडलेलं. आपल्या आठवडा बाजारापेक्षा आवाज कमी, एवढाच फरक. भाव करायला मात्र बायकोला कुणी भेटलं नाही, याची तिला हळहळ वाटली.

तिकीट काढून आम्ही किल्ल्यात गेलो. अकराव्या शतकाच्या शेवटी नॉर्मन सरदारांनी वेल्सच्या लोकांवर वचक ठेवण्यासाठी तो बांधायला घेतला. पुढे सीमाभागाचा सगळा कारभार इथूनच चाले. १४८३ मध्ये बाप वारला, तेव्हा बारा वर्षांचा राजपुत्र एडवर्ड इथूनच लंडनला निघाला. त्याचा राज्याभिषेक झालाच नाही. तो आणि त्याचा धाकटा भाऊ लंडनच्या टॉवरमध्ये नाहीसे झाले. १५०२ मध्ये पंधरा वर्षांचा युवराज आर्थर इथेच वारला. त्याच्या विधवेशी, कॅथरीनशी, पुढे धाकट्या भावाने लग्न केलं. तो आठवा हेन्री. तिला सोडण्यासाठी त्याने पोपशी वैर घेतलं आणि इंग्लंडचा धर्मच फिरला. १६८९ मध्ये इथला कारभार बंद झाला. मग छपराचं शिसं उचकटून नेलं गेलं, पावसाने आपलं काम केलं. आता भिंती उभ्या आहेत, वर आभाळ आहे आणि मधे गवत.

हे सगळं मी पाहुण्याच्या कुतूहलाने वाचत होतो. तेवढ्यात एका फलकावरच्या मजकुराशी थबकलो. हा किल्ला १८११ मध्ये सरकारकडून विकत घेतला अर्ल ऑफ पॉविसने. हा अर्ल म्हणजे रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड. १७९८ ते १८०३ मद्रासचा गव्हर्नर होता. टिपू सुलतान पडला तो याच काळात, १७९९ मध्ये. टिपूचा तंबू आजही वेल्समधल्या पॉविसच्या गढीत आहे. आणि लडलोचा किल्ला आजही पॉविसच्या इस्टेटीकडेच आहे.

क्लाइव्ह म्हटलं की आपल्याला प्लासी आठवते. मला आठवतो विजयदुर्ग. प्लासीच्या आदल्या वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, समुद्रातून अॅडमिरल वॉटसनचं आरमार आणि जमिनीवरून क्लाइव्हची पलटण, असे दोघे तुळाजी आंग्र्यांवर चालून आले. आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं. पेशव्यांनीच इंग्रजांना हाताशी धरलं होतं, हेही विसरता कामा नये. किल्ल्यात सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज मिळाला. तो इंग्रज सैन्याने आपसांत वाटून घेतला. त्यात क्लाइव्हचाही वाटा होता. त्या पैशातला एखादा रुपया फिरत फिरत या भिंतींत आला का, याचा हिशेब कोण मांडणार? पण बाप ज्या किल्ल्यावर चालून आला, त्याच्या काठावरचा मी, मुलाने विकत घेतलेल्या किल्ल्यात तिकीट काढून उभा होतो. मुलीने विचारलं, "अब्बा, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "चल, बाहेर मोकळ्यावर जाऊ."

बाहेर पडलो आणि त्या दिवसाची खरी भेट मला तिथे झाली. किल्ल्याच्या भोवती झाडांतून फिरायच्या वाटा आहेत, त्या १७७२ पासूनच्या. तिथून खाली उतरलं की टीम नदी. पूल ओलांडला की व्हिटक्लिफची टेकडी, गावकऱ्यांची सामाईक जागा. नदीकाठच्या एका वाटेला पावाची वाट म्हणतात. ती तयार करणाऱ्या मजुरांना रोख पैसे न देता पाव दिले, कारण रोख दिले तर ते दारूत जातील, अशी कथा सांगतात. वाटेत पाठीवर पिशव्या, हातात काठ्या घेतलेली सत्तरीची माणसं भेटत होती. प्रत्येक जण दोन शब्द बोलून पुढे जाई.

टेकडीपलीकडे शेतं लागली. कुंपणाला छोटं फाटक आणि त्यावर पिवळा बाण. मी थांबलो. म्हटलं, "हे तर कुणाचं तरी शेत आहे." जावई म्हणाले, "शेत त्याचं आहे, वाट सगळ्यांची आहे. फक्त फाटक लावून घ्यायचं." मेंढरांमधून आम्ही गेलो. मालक दूर ट्रॅक्टरवर होता. त्याने हात वर केला, इतकंच.

मग मी चौकशी केली. १९४९ च्या कायद्याने तिथल्या परगण्यांना अशा सगळ्या पायवाटांचे नकाशे करायला लावले. नकाशावर आलेली वाट मालकाला मनाला येईल तशी बंद करता येत नाही. लोक वीस वर्षं बिनहरकत एखाद्या वाटेने चालले, तर ती वाट लोकांना अर्पण केली असं कायदा धरून चालतो. इंग्लंड-वेल्समध्ये मिळून अशा सुमारे १,४०,००० मैल वाटा आहेत. लडलोपासून पंचवीसेक किलोमीटरवर आठव्या शतकातल्या ऑफा राजाचा मातीचा प्रचंड बांध आहे. वेल्सच्या लोकांना अडवण्यासाठी घातलेला. १९७१ पासून त्याच्या कडेने २८५ किलोमीटरची पायवाट जाते. अडवण्यासाठी घातलेला बांध आज चालण्यासाठी आहे! या ऑफाचं एक सोन्याचं नाणं ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. खलिफा अल-मन्सूरच्या दिनारवरून उतरवलेलं. वर अरबी मजकूर आणि मधे राजाचं लॅटिन नाव, तेही अरबीच्या उलट्या बाजूने. बांध घातला तरी नाणं कुठून कुठे आलं पाहा.

संध्याकाळी परत गावात आलो. सेंट लॉरेन्सच्या चर्चच्या आवारात कवी हाउसमन यांच्या अस्थी आहेत. श्रॉपशरवर त्यांनी सगळा संग्रह लिहिला, पण ते या परगण्यातले नव्हते. शेजारच्या परगण्यातून पश्चिमेच्या क्षितिजावर दिसणारे हे डोंगर त्यांनी मनात धरले होते. कवितेला तेवढं पुरलं. मी तिथे थोडा वेळ उभा राहिलो.

पण मनात दुसरंच चाललं होतं. आमच्या गावात वाडीतून खाली भाताच्या मळ्यांकडे आणि पुढे कबरस्तानाकडे जाणारी एक पाणंद होती. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे. माझ्या वडिलांना त्याच वाटेने खांद्यावर नेलं. काही वर्षांपूर्वी मधली जमीन विकली गेली, नव्या मालकाने तार ओढली. आम्ही कुरकुरलो आणि लांबच्या डांबरी रस्त्याने जाऊ लागलो.

परत आल्यावर मी विचारपूस केली. तेव्हा कळलं की शेताची वाट अडवली, तर मामलेदार कोर्टाच्या १९०६ च्या कायद्याने तहसीलदाराकडे दाद मागता येते, पण सहा महिन्यांच्या आत. ते सहा महिने आम्ही केव्हाच घालवले होते. सुविधाधिकाराचा १८८२ चा कायदाही आपल्याकडे आहे, इंग्रजांच्याच काळातला, आणि त्यातही तीच वीस वर्षं आहेत. म्हणजे नियम आपल्याकडेही होता. 'वहिवाट' हा इतका नेमका शब्दही होता. आम्ही वाहायचं सोडलं, एवढंच.

मालकाला भेटलो. माणूस वाईट नाही. तो म्हणाला, "काका, आता त्या वाटेने जातं कोण?" मला उत्तर देता आलं नाही. सगळे मोटारसायकलवर असतात.

आता दर शुक्रवारी नमाजानंतर आम्ही चार म्हातारे त्या पाणंदीने चालत जातो. गाव नकाशाची प्रत माझ्या खिशात असते, तिच्यात ती वाट तुटक रेघेने दाखवली आहे. तारेपर्यंत जातो, थोडा वेळ बसतो, परत येतो. गेल्या पावसाळ्यात दोन पोरं आमच्याबरोबर आली, कोयता घेऊन, वाट साफ करायला.

किल्ला विकत घेता येतो. वाट मात्र चालणाऱ्यांची असते, तीही ते चालत राहिले तरच. तुमच्या गावात अशी एखादी वाट असेल. घरातल्या थोरल्यांना विचारा आणि या रविवारी तिच्यावरून एकदा जाऊन या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)