बागेसरीचा धूर आणि वंशवेल
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजचा विषय थोडा संकोचाचा आहे. परंतु या संकोचापायीच आपल्या घरांनी पुष्कळ सोसले आहे, म्हणून बोलतो.

आमचे थोरले बंधू चाळीस वर्षे बागेसरीपाशी बसले. त्यांस अपत्य झाले नाही. वहिनींनी उपासतापास केले, औषधे घेतली, चारचौघींचे बोल ऐकले. बंधूंचीही तपासणी करावी, हे आम्हां शिक्षकाच्याही मनात आले नाही. दोष कोणाचा होता, हे आता कळावयाचे नाही.

सोन्याच्या डाकेत कॅडमियम मिसळण्याची पद्धत आपल्या धंद्यात रूढ झाली. तिलाच ‘केडीएम’ म्हणतात. अशी डाक लवकर वितळते आणि डागाचा कस फारसा उतरत नाही. परंतु ७६७ अंशांवर कॅडमियम उकळते. फुंकणीच्या आचेवर त्याची वाफ होऊन ती श्वासावाटे कारागिराच्या शरीरात जाते व तेथे वर्षानुवर्षे ठाण मांडते. १९५६ साली चेकोस्लोव्हाकियातील संशोधकांनी उंदरांस कॅडमियमचे क्षार टोचले, तेव्हा त्यांच्या वृषणांचा नाश झालेला दिसला. शुक्रजंतूचे आवरण नाजूक स्निग्ध द्रव्यांचे असते. तेल हवेने खवट व्हावे, तसे ते या धातूच्या योगाने बिघडते.

हा बिघाड रोखणारी द्रव्ये वनस्पतींत आहेत. आवळ्यातील ‘क’ जीवनसत्त्व, शेंगदाण्यातील ‘ई’ जीवनसत्त्व, हळदीतील पिवळे द्रव्य ही त्यांपैकी होत. प्राण्यांवरील प्रयोगांत अशा द्रव्यांनी हानी कमी झाल्याचे आढळले आहे. माणसांविषयी मात्र तितका भक्कम पुरावा नाही. शिवाय आवळा खाल्ल्याने शरीरात मुरलेला धातू बाहेर पडत नाही. आवळा अवश्य खावा. परंतु केवळ त्यावर विसंबणे म्हणजे धूर कोंडलेल्या खोलीचे दार न उघडता डोळ्यांत गुलाबपाणी घालणे होय.

तेव्हा प्रथम दार उघडावे. कॅडमियमविरहित डाक वापरावी. जुने केडीएमचे डाग आटवितानाही तीच वाफ निघते, म्हणून धूर बाहेर ओढून नेणारा पंखा बसवावा. बिडी-सिगारेट सोडावी, कारण तंबाखूच्या धुरातही कॅडमियम असते. पौरुषाच्या नावाखाली विकली जाणारी भस्मे वैद्याच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत. अशा काही औषधांत शिसे व पारा सापडलेला आहे. शुक्रजंतू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात, म्हणून पहिली तपासणी समाधानकारक नसल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने तीन महिन्यांनी पुन्हा करावी.

वहिनी आता हयात नाहीत. त्यांची क्षमा मागण्याची संधी आम्ही गमावली. ज्या घरी पाळणा हलला नाही, त्या घरी सुनेस बोल लावण्यापूर्वी मुलाने तपासणीस जावे, एवढी एक चाल आपल्या समाजात पडावी, हीच आमची हात जोडून विनंती आहे.