आठ टोले आणि दोन मोटारी



क्रिकेटमध्यें शतक झालें कीं आपण टाळ्या वाजवितों. अमेरिकेच्या बेसबॉलमध्यें फलंदाजाची थोरवी निराळ्या मापानें मोजतात. दहा वेळां बॅट घेऊन उभा राहिलेला खेळाडू तीन वेळां जरी चेंडू टोलवून तळावर सुखरूप पोहोंचला, तरी तो उत्तम फलंदाज! हें यश हजारीं प्रमाणांत मांडतात. हजारीं ३०० म्हणजे नांव घेण्याजोगें, ४०० म्हणजे जवळजवळ दुष्प्राप्य.

१९२० पूर्वीं तर फलंदाजाची कसोटीच असे. एकच चेंडू फार वेळ वापरीत. तो मळून काळवंडे, नरम पडे, आणि गोलंदाजाला त्यास थुंकी लावण्याचीही मुभा असे. १९११ सालीं अमेरिकन लीगमध्यें सर्वांहून अधिक 'होम रन' काढले फ्रँक बेकरनें, आणि ते अवघे ११! (पुढें १९२० सालीं बेब रूथनें ५४ काढले, हें जातां जातां सांगून ठेवतों.) अशा काळांत नजर, मनगट आणि पाय यांवरच फलंदाजाची भिस्त होती.

डेट्रॉइटचा टाय कॉब हा त्या काळचा अग्रणी. जॉर्जिया प्रांतांतला हा गडी बॅटीवरचे दोन्ही हात एकमेकांपासून दूर धरी आणि चेंडूला हवी ती दिशा देई. खेळ अलौकिक, पण स्वभाव इतका तिखट कीं त्याच्या संघांतही त्याला मित्र थोडे. त्याचा प्रतिस्पर्धी क्लीव्हलंडचा नॅपोलियन लाझवे. हा इतका लोकप्रिय कीं संघाचेंच नांव 'नॅप्स' पडलें होतें. १९०१ सालीं तर त्यानें हजारीं ४२६ गांठले होते.

१९१० सालीं चामर्स मोटार कंपनीनें पहिल्या फलंदाजास मोटारगाडी बक्षीस लावली. आघाडी पक्की समजून कॉब शेवटच्या दोन सामन्यांत उतरलाच नाहीं. ९ ऑक्टोबर रोजीं लाझवेचा संघ सेंट लुईस येथें एकाच दिवशीं दोन सामने खेळला. लाझवेचा पहिला टोला दूरवर गेला. नंतर मात्र अघटित घडलें. सेंट लुईसचा व्यवस्थापक जॅक ओ'कॉनर यानें कॉरिडन नांवाच्या नवख्या रक्षकास तिसऱ्या तळाच्या पुष्कळ मागें उभें राहावयास फर्मावलें. लाझवेनें बॅट नुसती आडवी धरावी, चेंडू हलकेच पुढें टाकावा आणि पळत सुटावें; अडविणार कोण? दिवसअखेर त्याच्या खात्यांत आठांपैकीं आठ टोले! एक खेळी टोल्यांत धरली गेली नाहीं, तेव्हां तो निर्णय फिरवावा म्हणून यजमानांच्या गोटांतून नोंदणी करणाऱ्यास नव्या कपड्यांच्या जोडाचें आमिष दाखविण्यांत आलें.

मला ह्या प्रकरणांत दया येते ती कॉरिडनची. वरिष्ठाची आज्ञा मोडावी तर नोकरी जाणार, पाळावी तर अब्रू. लीगचे अध्यक्ष बॅन जॉन्सन यांनीं त्यास निर्दोष ठरविलें, हें बरें झालें. ओ'कॉनरची नोकरी गेली. कॉब ३८५, लाझवे ३८४ असा निकाल लागला, आणि कंपनीनें दोघांनाही मोटार देऊन वाद मिटविला. जाहिरात तर दुप्पट झालीच!

पण आंकडे मिटले नाहींत. १९८१ सालीं उघडकीस आलें कीं कॉबचा एक सामना, तीन खेळींत दोन टोल्यांचा, वहीत दोनदां चढला होता. तो वगळला तर लाझवे पुढें जातो. आयुक्त बोवी कून यांनीं तरीही जुना निकाल बदलण्यास नकार दिला.

कारकीर्दीच्या सरासरींत मात्र कॉब हजारीं ३६७ घेऊन कित्येक दशकें सर्वांच्या वर होता. मे २०२४ मध्यें कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र लीगांचे आंकडे अधिकृत नोंदींत आले, आणि जॉश गिब्सन ३७२ घेऊन त्याच्या पुढें गेला. गिब्सन जानेवारी १९४७ मध्यें पस्तीस वर्षांचा असतां वारला. जॅकी रॉबिन्सन मोठ्या लीगच्या मैदानावर उतरला तो त्याच वर्षीं, एप्रिल महिन्यांत.