श्वास चालू, माणूस गेलेला: अवयवदात्याच्या कुटुंबाचा शोक

अवयवदात्याच्या कुटुंबाचा शोक वेगळा ठरतो तो दानामुळे नव्हे, तर मृत्यू ज्या रूपात त्या कुटुंबासमोर येतो त्यामुळे. श्वास आणि शुद्ध सांभाळणाऱ्या मेंदूच्या देठाचे कार्य कायमचे थांबले की माणूस मृत झाला, असे 1994चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा मानतो, आणि या मेंदूमृत्यूचे प्रमाणपत्र चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करून द्यायचे असते. परंतु त्याच वेळी व्हेंटिलेटरमुळे छाती वरखाली होत असते, हात कोमट लागतो, पिशवीत लघवी जमत असते. उशाशी बसलेल्या आईला ‘गेला’ हा शब्द ऐकू येतो, पण तिचे डोळे तो मानत नाहीत, आणि अशा घटकेला घरातल्या जवळच्या माणसाला संमतीच्या कागदावर सही करायची असते.

उदाहरणार्थ, पन्हाळा गडाच्या परिसरातील अपघातग्रस्त उपचारासाठी कोल्हापुरात नेला जातो, आणि तेथे दान झाल्यास अवयवांचे वाटप पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रामार्फत प्रतीक्षायादीनुसार होते. अपघात असल्याने पंचनामा आणि शवविच्छेदनाची प्रक्रिया असतेच; त्यात तपासण्या आणि शस्त्रक्रिया यांच्या तासांची भर पडते, आणि गावाकडे जमलेली भावकी ‘कधी आणणार?’ एवढेच विचारत राहते. या ताटकळण्याची जखम पुष्कळ दिवस ओली राहते, म्हणून मृत्यूची वार्ता आणि दानाची विनंती एका दमात न सांगता, आधी मृत्यू उमजू द्यावा आणि मगच विचारावे, ही समुपदेशनातील पद्धत केवळ शिष्टाचार मानणे चुकीचे आहे.

दानाने दुःख हलके होते, हे विधान सरसकट खरे नाही; त्यासाठी शोक म्हणजे काय, हे आधी पाहावे लागते. मनोविश्लेषक फ्रॉइडने 1917मध्ये शोक म्हणजे मृताशी असलेले भावबंध हळूहळू सोडवणे असे मांडले. 1996मध्ये क्लास, सिल्व्हरमन आणि निकमन या अभ्यासकांनी हे नाते तुटत नाही, त्याचे रूप पालटते, असा विचार पुढे आणला. अवयवदात्याच्या घराला हा दुसरा विचार अधिक लागू पडतो, कारण गेलेल्या माणसाचा अंश दुसऱ्या कुणाच्या शरीरात असतो.

पन्हाळ्यावर बाजीप्रभूंचा पुतळा आहे, शिवा काशिदांचे स्मारक आहे. 1660च्या वेढ्यातून शिवाजी महाराजांना निसटता यावे म्हणून त्या दोघांनी आपण काय देत आहोत हे जाणून प्राण दिले. रस्त्यावर कोसळलेल्या तरुणाला ती निवड मिळालेली नसते, ती त्याच्या माणसांना करावी लागते. त्याला वीर म्हणून हार घालणारा समाज आदरानेच वागतो, परंतु त्या गौरवापुढे आईला मोकळेपणी रडता येत नसेल, तर तो गौरव थोडा थांबला पाहिजे.

गावात दानाची ओळख आधीपासून असली तर हे ओझे वाटले जाते. गडहिंग्लज तालुक्यातील अत्याळ गावात मरणोत्तर नेत्रदानाची चळवळ रुजली, आणि तेथे दान करावे का, हा प्रश्न एकट्या घराचा राहिला नाही. एरवी रक्षाविसर्जनाच्या दिवशी नैवेद्याला कावळा शिवायला उशीर झाला, की मृताची कोणती इच्छा राहिली याची कुजबुज सुरू होते, आणि सही करणारा भाऊ मान खाली घालून उभा राहतो.

पुढे दात्याच्या घरातून प्रश्न येतो: ‘मूत्रपिंड लागू पडलं का?’ दाता आणि ग्राही यांची ओळख गुप्त राखली जाते, त्यामुळे नाव कळत नाही. पण कुणीतरी बरे आहे, एवढे कळले तरी घर त्या अनोळखी माणसाच्या तब्येतीवर जीव लावून बसते. तो माणूसही पुढे वारल्याचे कानावर आले, तर त्या घराला पुन्हा सुतक लागल्यासारखे होते.